शिवराजपूरचं मँगनीज की आंबाडुंगरचं फ्लोराइट? वडोदऱ्यातून खनिजसाठ्यांचा अभ्यास

दगडफूल

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची, घर दांडिया बाजारात. भूशास्त्रात एमएस्सी करतेय आणि डिझर्टेशनचा विषय या महिन्यात ठरवायचा आहे. खनिजसाठ्यांवर काम करायचं हे पक्कं आहे, कुठल्या साठ्यावर ते ठरत नाही.

सरांनी दोन नावं दिली आहेत. एक आंबाडुंगर, म्हणजे छोटा उदेपूर जिल्ह्यातलं क्वांट तालुक्याचं टोक, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. तिथे कार्बोनेटाइट आणि फ्लोराइट आहे. दुसरं शिवराजपूर, पावागडच्या पलीकडे, मँगनीजच्या जुन्या खाणी. वर्गातल्या सगळ्यांना आंबाडुंगर हवंय, कारण पेपरात रोज विरळ मृदा मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ) बातम्या. मलाही मोह होतोय, खोटं कशाला बोलू.

घरात वेगळाच सूर. आत्या म्हणते, "दगडं फोडायला एमएस्सी कशाला लागते?" तिला उत्तर द्यायचं सोडून दिलंय. तुमच्यापैकी कुणी या भागात काम केलं असेल तर सांगा. हाताशी काय आहे तेही लिहिते: विभागातला साधा पोलरायझिंग मायक्रोस्कोप, परावर्तित प्रकाशाचा एक जुना मायक्रोस्कोप, थिन सेक्शन (प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ दगडाची चकती) करायची सोय, आणि पैसे जवळपास नाहीत.

सुरसागरकर

दांडिया बाजार! म्हणजे आमच्या गल्लीशेजारची. विषयातलं शून्य कळतं, पण पावागडावर नवरात्रात इतक्यांदा चढलोय की तिथे दगड सोडून मँगनीजही आहे हे आज पहिल्यांदा कळलं. चर्चा वाचतोय. जाणकारांनी लिहा, बराबर सविस्तर लिहा.

जुना हातोडा

पावागडावर मँगनीज नाही हो. पावागड पूर्ण वेगळा. तो दख्खनच्या लाव्ह्याचा ढीग आहे, खाली बेसाल्ट आणि अगदी माथ्याकडे रायोलाइटसारखे फिके आम्लधर्मी, म्हणजे सिलिका जास्त असलेले, खडक. दख्खनमध्ये असे खडक फार थोड्या ठिकाणी सापडतात, म्हणून भूशास्त्रज्ञ फर्मरने १९०६ साली त्या डोंगरावर स्वतंत्र लेख लिहिला होता. त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. शिवराजपूर त्याच्या पूर्वेला, आणि तिथले खडक याच्या कित्येक पट जुने. चांपानेर गटातले फिलाइट आणि क्वार्टझाइट, म्हणजे दाब-उष्णतेने बदललेले चिखलाचे आणि वाळूचे थर, अरवली महासंघातले. गाडीतून जाताना अर्ध्या तासात तुम्ही शंभर कोटी वर्षांहून जास्त मागे जाता आणि खिडकीतून काहीच बदललेलं दिसत नाही.

दगडफूल, आयुष्यभर हेच केलं आहे, आता कारेलीबागेत निवृत्त. दोन्ही ठिकाणी पाय झिजवले आहेत. सविस्तर लिहितो, आज रात्री.

आम्लपित्त

वा, हातोडाकाका आले म्हणजे धागा चालणार. मी केमिकल इंजिनियर, दहेजकडे फ्लोरिनच्या कारखान्यात. आमच्याकडे फ्लोरस्पार, म्हणजे फ्लोराइटच, बोटीतून येतो, बहुतेक परदेशातून. शेजारच्या जिल्ह्यात साठा असून बाहेरचा का घ्यावा लागतो हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. काका लिहितीलच, मग मी कारखान्याच्या बाजूने भर घालतो.

जुना हातोडा

आधी आंबाडुंगर.

क्वांटपासून पुढे कडीपाणीकडे जाताना एक गोल डोंगररांग दिसते, मध्ये खोलगट. तो रिंग कॉम्प्लेक्स आहे, म्हणजे अग्निज खडकांची वर्तुळाकार रचना. वर दख्खनचा बेसाल्ट आणि खाली बाघ स्तरांचे क्रेटेशस काळातले वाळूखडक आणि चुनखडक, या दोन्हींत खालून कार्बोनेटाइट घुसला आणि त्याने वरच्या थरांना घुमटासारखं वर उचललं. कार्बोनेटाइट म्हणजे अग्निज खडक, पण सिलिकेटऐवजी निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजांचा. मॅग्मा म्हटला की सिलिकेटच, असं शिकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. जगालाही लागला. टांझानियात ओल डोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी कार्बोनेटचा लाव्हा ओकतो हे १९६०च्या सुमारास पाहिलं गेलं, तेव्हा कुठे शंका मिटल्या. आणि १९६३ साली सुखेसवाला आणि उदास यांनी आंबाडुंगरला कार्बोनेटाइट म्हणून जाहीर केलं. सुखेसवाला मुंबईच्या सेंट झेवियर्सचे, उदास अणुखनिज विभागाचे.

त्याचं वय आर्गॉन पद्धतीने ६.५ कोटी वर्षं आलं आहे, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याशी जोडलेलं.

आता फ्लोराइट कुठे आहे ते बघ, कारण विद्यार्थी तिथेच घसरतात. कार्बोनेटाइटच्या पोटात तो मुख्यतः नाही, तो कडेला आहे. कार्बोनेटाइट आणि वाळूखडकाचा जिथे संपर्क येतो त्या पट्ट्यात, आणि तिथून निघालेल्या शिरांमध्ये. म्हणजे मॅग्मा थंड झाल्यावर गरम पाण्याने फ्लोरिन आणून तिथे टाकलेला आहे. फ्लोराइटच्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे थेंब तापवून बघितले तर दीडशे अंशांच्या आत त्यांतला बुडबुडा नाहीसा होऊन ते एकरूप होतात, म्हणजे पाणी अडकलं तेव्हा साधारण तेवढंच गरम होतं. एवढं थंड पाणी मॅग्मातून सरळ निघत नाही, जमिनीतलं पावसाचं पाणी त्यात मिसळलेलं आहे. १९९० च्या दशकात स्थिर समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंवरून) हेच पुढे आलं.

साठ्याचा आकडा १ कोटी १६ लाख टन असा सांगतात, ३० टक्के कॅल्शियम फ्लोराइडचा. गुजरात खनिज विकास महामंडळाचा कडीपाणीला प्रकल्प होता, हे तुला माहीत असेलच.

हे झालं भूगोल आणि इतिहास. तुझ्या कामाचं पुढे लिहितो. शिवराजपूरबद्दल उद्या, आज डोळे दुखायला लागले.

पुणेरी_भटक्या

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आम्लपित्त

काकांनी जे संपर्काचं सांगितलं त्यावरून मला माझं उत्तर सापडलं असं वाटतंय. बघा पटतं का.

आम्ही हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवतो ते असं: फ्लोरस्पार घ्यायचा, सल्फ्युरिक आम्लात भट्टीत भाजायचा, वायू निघतो, खाली जिप्सम राहतं. एक टन आम्लाला दोन टनांहून जास्त फ्लोरस्पार लागतो आणि तीन टनांहून जास्त जिप्सम उरतं. त्यासाठी फ्लोरस्पार ९७ टक्के शुद्ध हवा. उरलेल्या तीन टक्क्यांत काय आहे यावर आमचा जीव.

सिलिका असेल तर ती तयार झालेलं आम्लच खाऊन टाकते आणि सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होतो. कॅल्साइट असेल तर ते सल्फ्युरिक आम्ल खातं आणि कार्बन डायऑक्साइडचा फेस होतो. म्हणजे कारखान्याचे दोन शत्रू, वाळू आणि चुना.

आणि काका म्हणतात फ्लोराइट नेमका वाळूखडक आणि कार्बोनेटाइटच्या मध्ये बसलाय. म्हणजे एका बाजूने सिलिका, दुसऱ्या बाजूने कॅल्साइट! दोन्ही शत्रूंच्या मांडीवर. त्यातून ९७ टक्क्यांवर न्यायचं म्हणजे बारीक दळून फेन-प्लवनात, म्हणजे हवं ते खनिज रसायनाने फेसाला चिकटवून, वेगळं काढायचं. कॅल्साइट आणि फ्लोराइट दोन्ही कॅल्शियमचीच खनिजं, फॅटी आम्लाला दोन्ही सारखीच चिकटतात. आयात का करतो याचं निम्मं उत्तर इथे आहे.

जुना हातोडा

आम्लपित्त, शंभर टक्के पटलं. इतकी वर्षं तो संपर्क नकाशावर रेघ म्हणून काढत आलो, तुम्ही तो कारखान्याच्या हिशेबात आणलात. खनिजसाठा कसा तयार झाला यावर तो वापरता येईल की नाही हे ठरतं, हे वर्गात सांगायला सोपं आणि दाखवायला अवघड असतं. तुमचं उदाहरण उचलून ठेवतोय.

शंकासुर

छान चाललंय, पण मूळ मुद्दा सगळे टाळताहेत. आंबाडुंगरला विरळ मृदा मूलद्रव्यांचा मोठा साठा आहे, संसदेत २०२५ मध्ये सरकारने आकडा दिलाय: गुजरात आणि राजस्थानच्या कठीण खडकांत १२.९ लाख टन. चीनने एप्रिल २०२५ पासून निर्यात आवळली आहे. मुलीने सरळ तिथे काम करावं, नोकरी धावत येईल. जुन्या मँगनीजच्या खड्ड्यात काय ठेवलंय?

जुना हातोडा

शंकासुर, तीन गोष्टी सांगतो. थोड्या कडक शब्दांत, रागावू नका.

पहिली. त्याच सरकारी उत्तरात किनारपट्टीच्या वाळूतल्या मोनाझाइटचा (विरळ मृदांचं एक खनिज) आकडाही होता, त्यात ऑक्साइड ७२ लाख टन. म्हणजे देशाचा मोठा वाटा केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्रच्या वाळूत आहे, आपल्या डोंगरात नाही. १२.९ लाख टन हा दोन राज्यांच्या काही भागांचा मिळून आकडा आहे, एकट्या आंबाडुंगरचा नव्हे.

दुसरी. चीनने एप्रिलमध्ये ज्या सातांवर निर्बंध घातले ती आहेत समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम. मधली आणि जड. कार्बोनेटाइटमध्ये बहुतांश मिळतात ती हलकी: लँथॅनम, सीरियम, निओडिमियम. चुंबकासाठी निओडिमियम लागतंच, त्यामुळे ते निरुपयोगी नाही. पण बातमी एका मूलद्रव्याची आणि डोंगर दुसऱ्याचा, एवढं तरी बघायला हवं.

तिसरी, आणि हीच खरी. "साठा" आणि "संसाधन" हे शब्द पेपरवाले सर्रास एकाच अर्थाने छापतात. जमिनीत आहे ते संसाधन. आजच्या भावात, आजच्या तंत्राने, कायद्याने काढता येईल तेवढाच साठा. मधलं अंतर कशावर ठरतं? खनिज कोणतं आहे आणि कण केवढा आहे. चीनमधलं बायान ओबो आणि अमेरिकेतलं माउंटन पास दोन्ही कार्बोनेटाइटशी निगडित. माउंटन पासला बास्टनेसाइटचे (हेही विरळ मृदांचं खनिज) दाणे डोळ्यांनी दिसतात. आंबाडुंगरच्या अँकेराइटच्या (लोह असलेलं कार्बोनेट) खडकात बास्टनेसाइट, फ्लोरेन्साइट वगैरे आहेत, पण बारीक, बॅराइट आणि इतर कार्बोनेटांत गुंतलेली. टनांचा आकडा हे सांगत नाही. थिन सेक्शन सांगतो.

शंकासुर

रागावलो नाही. सातांची यादी मला माहीत नव्हती. पण मग तर मायक्रोस्कोप घेऊन आंबाडुंगरलाच जायला हवं ना?

आम्लपित्त

शंकासुरांचा प्रश्न बरोबर आहे, काकांनीच दार उघडून दिलं. :)

आणखी एक. २०२३ मध्ये खाण मंत्रालयाने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. त्यात विरळ मृदा आहेत, निओबियम आहे, स्ट्रॉन्शियम आहे. तिन्ही आंबाडुंगरला कमी-जास्त प्रमाणात. फ्लोरस्पार त्या यादीत नाही! युरोपच्या यादीत आहे. शीतकारकं, बॅटरीतलं क्षार, अ‍ॅल्युमिनियम, सगळीकडे फ्लोरिन लागतं, पण आपल्याकडे त्याला कुणी महत्त्वाचं म्हणत नाही.

क्वांटची बाई

मी क्वांट तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, माहेर वडोदरा, वाडी. भूशास्त्र येत नाही पण तुम्ही ज्या डोंगराबद्दल बोलताय तो आमच्या शाळेच्या मुलांचा डोंगर आहे म्हणून लिहिते.

दगडफूल, येशील तर ये, पण हातोडा घेऊन परस्पर चढू नकोस. लोक राठवा आदिवासी, मनाने फार मोकळे, पण जमिनीचा माणूस, मोजणीचा माणूस, ड्रिलिंगचा माणूस असे बरेच येऊन गेलेत. कोण कशाला आलंय हे सांगितलं जात नाही आणि गावात चर्चा सुरू होते की डोंगर जाणार. आधी सरपंचाला भेट, मी ओळख करून देईन. विद्यापीठाचं पत्र गुजरातीत आण.

आणि दुसरं. खनिज म्हटलं की आम्हाला डोंगर नंतर आठवतो, आधी गोध्रा आठवतं. तिथल्या क्वार्ट्झ दळायच्या गिरण्यांमध्ये आमच्या शेजारच्या अलिराजपूर, झाबुआ, धारची माणसं मजुरीला जायची. फुफ्फुसात धूळ भरून परतायची आणि मरायची. सिलिकोसिस. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबांना तीन-तीन लाख देण्याचे आदेश दिले. क्वार्ट्झ हे काही दुर्मीळ खनिज नाही. माणसं मेली मात्र त्यानेच.

सुरसागरकर

ताई, हे वाचून पुढचं काही लिहवेना.

जुना हातोडा

क्वांटच्या बाई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या पुस्तकांत क्वार्ट्झची कठीणता ७ एवढंच असतं. भूशास्त्राच्या मुलांनाही सांगतो, शिवराजपूर असो की कुठेही, सँपल दळताना, कापताना मास्क आणि पाणी सोडू नका. विभागातल्या कटरवर पाणी चालू आहे ना हे आधी बघा. कोरडा कापलेला प्रत्येक क्वार्टझाइट छातीत जातो.

आता शिवराजपूर, शब्द दिला होता.

या भागाचा इतिहासही गमतीचा आहे. सयाजीरावांनी रॉबर्ट ब्रूस फूट यांना बडोदा संस्थानचे भूशास्त्रज्ञ म्हणून बोलावलं. हे तेच फूट, ज्यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधलं होतं. संस्थानाच्या भूशास्त्राचा त्यांचा अहवाल १८९८ मध्ये छापून आला. पण आपली दोन्ही ठिकाणं गायकवाडी मुलखात नव्हती. छोटा उदेपूर वेगळं संस्थान, आणि पंचमहाल तर शिंद्यांचे, त्यांनी १८६१ मध्ये इंग्रजांना अदलाबदलीत दिले. म्हणून शिवराजपूरचं मँगनीज इंग्रज कंपनीच्या हाती गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराजपूर सिंडिकेट उभी राहिली, चांपानेर रोडपासून पाणी माइन्सपर्यंत अडीच फुटी छोटी रेल्वे टाकली गेली. हे ठिकाण भारतीय मँगनीजच्या इतिहासात मोठं आहे. फर्मरने १९०९ मध्ये देशातल्या मँगनीजवर हजारावर पानांचं काम प्रसिद्ध केलं त्यात पंचमहाल आहेच, आणि जोथवाडचा खास उल्लेख.

जोथवाड का? तिथे ग्रॅनाइट मँगनीजच्या थरांत घुसलेला आहे. गोध्रा ग्रॅनाइटचं वय ९५ कोटी वर्षांच्या आसपास आलं आहे. त्या उष्णतेने मँगनीज आणि मातीचे थर भाजून स्पेसार्टिन गार्नेट आणि क्वार्ट्झचा खडक झाला, त्यालाच गोंडाइट म्हणतात.

मँगनीजची कथा पाण्यातून सुरू होते. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं राहतं, ऑक्सिजन मिळाला की ऑक्साइड होऊन तळाशी बसतं. म्हणजे मुळात समुद्रातला गाळ. मग डोंगर झाले, दाब आला, रूपांतर झालं, ब्राउनाइट हे मँगनीजचं खनिज झालं. मग कोट्यवधी वर्षांनी ते पृष्ठभागावर आलं, पाऊस झिरपला, आणि पुन्हा विरघळून पुन्हा बसलं: पायरोल्युसाइट, सायलोमेलेन ही मँगनीजची ऑक्साइडं. या तिसऱ्या टप्प्याने श्रीमंत केलेला थर वरचा असतो. खाण कंपन्या तो आधी काढतात. खाली ते पातळ होत जातं.

आता दगडफूल, हे सगळे टप्पे एका पॉलिश केलेल्या तुकड्यात परावर्तित प्रकाशात दिसतात. ब्राउनाइट करडा, पायरोल्युसाइट मलईसारखा पांढरा आणि स्टेज फिरवलास की रंग झपकन बदलतो, सायलोमेलेन द्राक्षाच्या घोसासारख्या थरांत. कोण कुणाला कापतं, कोण कुणाच्या आत शिरलंय, हे बघून क्रम लावायचा. यासाठी तुझा जुना मायक्रोस्कोप पुरतो. आंबाडुंगरच्या विरळ मृदांसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (सूक्ष्म कणाचं रासायनिक घटन मोजणारं महागडं यंत्र) लागेल, पैसे लागतील, रांगेत उभं राहावं लागेल, आणि समस्थानिकांचं काम परदेशी प्रयोगशाळांत होऊन गेलं आहे. तुझ्या हातात जे साधन आहे ते ज्या प्रश्नाला पुरेल तो प्रश्न निवड. माझं मत शिवराजपूरला.

शंकासुर, हे तुम्हालाही उत्तर झालं.

शंकासुर

झालं. पण थोडं हळहळतंय, डोंगर तो डोंगर.

दगडफूल

काका, इतकं कुणी शिकवलं नव्हतं. खूप आभार. क्वांटच्या ताई, तुमचं लिहिणं वाचून कटरवर जाऊन बघितलं, पाण्याचा पाइप निघालेला होता. लावून घेतला.

दोन शंका. (१) शिवराजपूरच्या खाणी आता चालत नाहीत, मग सँपल कुठून? (२) आंबाडुंगरला विभागाची सहल जाणार आहेच. तिथे एका दिवसात चुनखडक आणि कार्बोनेटाइट हातात घेऊन कसे ओळखायचे? दोन्हींवर आम्ल टाकलं की फसफसणारच.

जुना हातोडा

(१) डम्प. खाणीने टाकून दिलेले ढिगारे. विद्यार्थी शुद्ध काळा ढेकूळ शोधत बसतात, तुला हवेत ते अर्धवट: फिलाइटचा तुकडा आणि त्यातून मँगनीजची शिर गेलेली. ज्याला कंपनीने भाव दिला नाही त्यात गोष्ट असते. फक्त लक्षात ठेव, डम्पमधल्या दगडाची जागा माहीत नसते, म्हणून आजूबाजूच्या उघड्या खडकांतूनही जागेसकट नमुने घे. खड्ड्यांत पाणी साचलेलं असतं, कडा ढासळतात, एकटीने उतरू नकोस. लीज कुणाकडे आहे ते जिल्ह्याच्या खाण खात्यात विचार.

ओळख सोपी: पायरोल्युसाइटने बोटं काळी होतात. ब्राउनाइट कठीण, बोटं स्वच्छ राहतात. लोखंडाचा हेमॅटाइट असेल तर चिनीमातीच्या पट्टीवर लाल रेघ येईल, मँगनीजची काळी किंवा तपकिरी काळी.

(२) चांगला प्रश्न. एकट्या आम्लाने कळत नाही. बाघच्या चुनखडकात जीवाश्म सापडतात, कार्बोनेटाइटमध्ये सापडणं शक्य नाही. कार्बोनेटाइटमध्ये भिंगाने मॅग्नेटाइटचे काळे ठिपके दिसतात, सुतात बांधलेलं छोटं चुंबक जवळ ने, ओढ जाणवते. अ‍ॅपाटाइट असतं. आजूबाजूच्या खडकाचं क्षारांमुळे (सोडियम, पोटॅशियम) रूपांतर होऊन फेनाइट झालेलं असतं, ते बघ. अँकेराइटवाला प्रकार पावसाने तपकिरी होतो कारण त्यात लोह आहे, आणि त्यावर पातळ आम्ल टाकलं तर सुस्त फसफसतो. फ्लोराइट कॅल्साइटला ओरखडा काढतो (४ विरुद्ध ३), आणि हातात जड लागतो, घनता ३.१८ विरुद्ध २.७१. बॅराइट याहूनही जड, ४.५.

थिन सेक्शनवर अ‍ॅलिझारिन रेड आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचं रंगकाम कर. कॅल्साइट लाल होतं, लोहवालं कार्बोनेट निळं. पैसे जवळपास लागत नाहीत, अभ्यासक्रमात दुर्लक्षित आहे.

पुणेरी_भटक्या

अवांतर: मी झगडियाकडच्या रतनपूरला गेलो होतो. तिथला अकीकसुद्धा खनिजसाठाच म्हणायचा का? तिथे जमिनीत विहिरीसारखे अरुंद खड्डे करून गोटे काढत.

जुना हातोडा

अवांतर अजिबात नाही. रतनपूरचा अकीक तिसऱ्याच वाटेने झाला. मुळात तो बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झाला, मग बेसाल्ट झिजला, अकीक टिकला, पाण्याने वाहून गोट्यांच्या थरात साचला, मायोसीन काळात. खाणवाले तो थर शोधत खाली जातात. मग भट्टीत तापवला की आतलं लोह हेमॅटाइट होऊन लाल होतो आणि खंभातला मणीकार घडवतो. हडप्पा काळापासून हे चालू आहे. (खंभातच्या मणीकारांनाही सिलिकोसिस होतो, क्वांटच्या बाईंचा मुद्दा तिथेही.)

तेव्हा बघा, वडोदऱ्याभोवती तीन साठे आणि तीन जन्म: एक समुद्रात बसून, भाजून, भिजून, एक मॅग्माच्या मागून आलेल्या पाण्यातून, एक झिजून आणि वाहून. फार थोड्या शहरांतल्या विद्यार्थ्यांना हे घरी येऊन जेवायला वेळ राहील इतकं जवळ मिळतं.

सुरसागरकर

मग रविवारची मुलांची सहल ठरली, कमाटीबागेतलं संग्रहालय! दगडांचा विभाग आहे तिथे, दर वेळी ममीच्या नादात मागे राहतो.

दगडफूल

ठरलं. शिवराजपूर घेतेय, सरांना सांगितलं. प्रश्न असा मांडलाय: वरचा झिरपलेल्या पाण्याने श्रीमंत झालेला थर आणि खालचा मूळ ब्राउनाइट यांच्यामध्ये संक्रमण किती स्पष्ट आहे, आणि कुठल्या खनिजांच्या क्रमाने. सर म्हणाले छोटा प्रश्न आहे. मी म्हटलं, मायक्रोस्कोपही छोटाच आहे.

भूकोशवरून (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं संकेतस्थळ) पंचमहालचा नकाशा उतरवलाय. आणखी काय विसरतेय?

जुना हातोडा

"छोटा" याला मी कौतुक समजतो.

पॉलिश करताना शेवटचा हात हिऱ्याच्या पेस्टने, घाई करू नकोस. पायरोल्युसाइट मऊ आहे, खरवडला जातो आणि खड्डे पडतात, मग तेच खड्डे पोकळ्या म्हणून नोंदवले जातात. नमुन्याच्या पिशवीवर नंबर लिहितेस तसा कागदावर लिहून आतही टाक, घामाने बाहेरचा पुसतो. आणि प्रत्येक नमुन्याची वरची बाजू बाणाने खुणव. काय वर, काय खाली, हाच तुझा प्रश्न आहे, आणि बाण नसेल तर उत्तर नाही.

क्वांटची बाई

विभागाची सहल आंबाडुंगरला कधी? होळीच्या आसपास नको. क्वांटचा गेर मेळा असतो, आठवडाभर गावात एक माणूस भेटणार नाही, सरपंच तर नाहीच. दिवाळीनंतर या, तेव्हा पावसाचं गवतही वाळलेलं असतं आणि खडक दिसतो. आदल्या आठवड्यात मला इथेच निरोप टाक, शाळेत जेवणाचं बघते.